ढोलीतली पिल्लं आणि सहाशेची लेन्स

प्रश्न थोडक्यात असा आहे. घराजवळच्या जुन्या झाडाच्या ढोलीत पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडाची, पिल्लं आहेत, संध्याकाळी तोंडाशी येऊन बसतात. हातात १५०-६०० मिमीची लेन्स आहे. किती जवळ गेलेलं चालेल, फ्लॅश वापरावा का, लपण (आडून बघायचा तंबू) लावावं का, दोन मित्रांनाही यायचंय त्यांना न्यावं का, आणि फोटो टाकताना काय काळजी घ्यावी? शिवाय काल त्यातलं एक पिल्लू खाली जमिनीवर दिसलं, त्याचं काय करायचं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे थांबू शकतात.

बऱ्याच घुबडांची पिल्लं धड उडता यायच्या आधीच घरटं सोडतात. ढोलीच्या तोंडाशी येतात, तिथून फांदीवर सरकतात, धडपडतात आणि कधीकधी खाली येतात. खाली आलेलं पिल्लू बहुतेक वेळा अनाथ नसतं. चोच सालीत रोवून, नख्यांनी पकड घेत, अर्धेमुर्धे पंख फडफडवत ते तिरक्या खोडावरून परत वर चढतं. मी एका पिल्लाला दोन पुरुष उंचीपर्यंत असं चढताना पाहिलंय. तीनदा घसरून खाली आलं, चौथ्यांदा पोचलं आणि मग फांदीवर बसून काहीच झालं नाही अशा थाटात पंख साफ करायला लागलं. त्यामुळे डोळे उघडे असतील, अंगावर पिसं आली असतील आणि ते स्वतःच्या पायांवर उभं राहत असेल, तर त्याला तिथेच राहू द्या. कुत्री-मांजरं दूर ठेवा. जागा फारच उघडी असेल तर जाड हातमोजे घालून किंवा टॉवेलमध्ये धरून त्याच झाडाच्या खालच्या फांदीवर ठेवा आणि लगेच लांब व्हा. माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लाला टाकून देतात, ही समजूत खोटी आहे. अंधार पडला की ते त्याला शोधून भरवतात.

पिल्लाच्या अंगावर अजून नुसती पांढरी लव असेल, डोळे बंद असतील, एक पंख लोंबत असेल, रक्त किंवा माश्या दिसत असतील, तर मात्र थांबू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, खाली जुना कपडा घालून, अंधाऱ्या शांत जागी ठेवा आणि वन विभागाला किंवा जखमी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या माणसांना फोन करा. चोचीत पाणी ओतू नका, दूध तर नाहीच नाही. आणि या सगळ्यात कॅमेरा बाहेर काढू नका. जमिनीवर अडकलेल्या पिल्लासमोर लेन्स घेऊन पालथं पडणारे लोक मी पाहिलेत. डोळ्यांच्या पातळीवरचा कोन सुंदर मिळतो, हे खरंच आहे. पण तेवढा वेळ त्याचे आईबाप समोरच्या झाडावर खोळंबलेले असतात.

पिंगळा लहान आहे, फार तर डोक्यावरून झेप घेईल. पण हाच सल्ला मोठ्या घुबडांच्या बाबतीत वाचणाऱ्यांनी डोळे सांभाळावेत. एरिक हॉस्किंग हे गेल्या शतकातले मोठे ब्रिटिश पक्षी-छायाचित्रकार. १९३७ साली घरट्याजवळच्या लपणाकडे रात्री जाताना टॉनी आउल जातीच्या घुबडाने त्यांच्यावर झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा गेला. झडप पूर्ण निःशब्द असते, चाहूल लागतच नाही.

आता अंतर. ‘किती फुटांवरून’ याला माझ्याकडे आकडा नाही. जो कोणी छातीठोकपणे आकडा सांगेल, त्याला पुढचा प्रश्न विचारत बसू नका. रहदारीच्या रस्त्याकडेला वाढलेला पिंगळा वीस पावलांवर उभ्या माणसाकडे दुर्लक्ष करेल. कड्याच्या खोबणीत अंड्यांवर बसलेली शृंगी घुबडाची मादी तुम्ही शंभर मीटरवर असतानाच उठून जाईल. एकाच जातीच्या दोन जोड्यांतही हा फरक असतो. म्हणून मी अंतर मीटरमध्ये मोजत नाही, फेऱ्यांमध्ये मोजते.

म्हणजे काय ते सांगते. पहिल्या दिवशी कॅमेरा न्यायचाच नाही. दुर्बीण, वही आणि घड्याळ घ्यायचं. ढोली जेमतेम दिसेल इतक्या लांब, एखाद्या भिंतीला किंवा खोडाला टेकून, सूर्यास्ताच्या आधी तासभर बसायचं. आईबाप कुठल्या बाजूने येतात, येण्याआधी कुठल्या फांदीवर टेकतात, ढोलीत किती वेळ थांबतात आणि एका फेरीनंतर दुसरी किती मिनिटांनी होते, हे सगळं लिहून काढायचं. माझ्या एका जुन्या वहीतलं पान असं आहे: ‘६.५२ नर, उंदीर नाही, नाकतोडा. ६.५८ नाकतोडा किंवा पतंग. ७.०७ मादी, पाल. ७.११. ७.२०.’ म्हणजे त्या जोडीची अंधार पडतानाची चाल साधारण चार ते नऊ मिनिटांना एक फेरी अशी होती. हा झाला त्या घरट्याचा ठोका.

दुसऱ्या खेपेला कॅमेरा घेऊन थोडं पुढे बसा आणि तोच ठोका ऐका. फेऱ्या त्याच वेगाने चालू असतील तर तुमचं अंतर बरोबर आहे. नेहमीच्या दुप्पट वेळ गेला आणि कोणी आलं नाही, किंवा आईबाप नेहमीच्या फांदीवर भक्ष्य चोचीत धरून नुसतेच बसलेत, तर तुम्ही फार जवळ आहात. मग ‘अजून पाच मिनिटं थांबतो, सवय होईल’ असं म्हणायचं नाही. त्या पाच मिनिटांत एका पिल्लाचा घास चुकतो. उठायचं आणि आलेल्या वाटेने मागे जायचं.

घास चुकणं घुबडांच्या घरट्यात इतर बऱ्याच पक्ष्यांपेक्षा महाग पडतं. बहुतेक घुबडांची मादी पहिलं अंडं घातल्याबरोबर उबवायला बसते, त्यामुळे अंडी ज्या क्रमाने घातली त्याच क्रमाने, मागेपुढे फुटतात. गव्हाणी घुबडात दोन अंड्यांमध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर असतं. पाच-सहा अंडी असतील तर थोरल्या आणि धाकट्या पिल्लात दीड-दोन आठवड्यांचा फरक पडतो. एकाच घरट्यात एक जवळजवळ पिसारलेलं आणि एक लवेचा गोळा, असं दृश्य दिसतं ते यामुळे. भक्ष्य भरपूर असेल तर सगळी जगतात. टंचाई झाली की धाकटं मागे पडतं आणि शेवटी मरतं, कधी भावंडांच्याच पोटात जातं. स्वित्झर्लंडमध्ये अलेक्झांडर रूलँ यांनी गव्हाणी घुबडांच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम केलं. आईबाप बाहेर असताना पिल्लं आपसात आवाज काढून पुढच्या घासावर कोणाचा हक्क हे जणू ठरवून घेतात, असं त्यांनी दाखवलं. जास्त भुकेलं जास्त ओरडतं आणि बाकीची बऱ्याचदा माघार घेतात. आपण फोटोत ‘गोंडस, सारखी ओरडताहेत’ म्हणून जे टिपतो, तो हा हिशेब असतो. तुमच्यामुळे दोन फेऱ्या चुकल्या तर थोरल्याचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते धाकट्याचं, आणि धाकटं ढोलीच्या तळाशी असतं. तुमच्या फ्रेममध्ये ते कधी येतच नाही.

पिल्लांच्या अंगावरची लक्षणंही वाचता आली पाहिजेत. पिल्लू डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे, कधी गोल फिरवत तुमच्याकडे बघतं, ते बघायला मोठं गमतीचं असतं. घुबडांचे डोळे नळीच्या आकाराचे असतात, खोबणीत फिरत नाहीत. म्हणून मान फिरवून आणि डोकं हलवून त्यांना अंतराचा अंदाज घ्यावा लागतो. पिल्लं हे पानाला, किड्याला, चंद्रालासुद्धा करतात. म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलंय, मोजतंय. एवढ्यावर काही घाबरायचं कारण नाही, फक्त पुढे सरकू नका. पण अंग ताणून उंच आणि बारीक केलं, पिसं अंगाला चिकटवली, डोळ्यांच्या फटी केल्या, तर ते लाकूड व्हायचा प्रयत्न करतंय. चोच टकटक वाजवली, पंख पसरून पुढे झुकून डुललं, फिस्कारलं, तर ते धमकावतंय. मोठ्या घुबडाची पिल्लं पंखांचा असा पंखा करून उभी राहिली की फोटो जबरदस्त येतो, आणि लोक खाली ‘काय ॲटिट्यूड!’ असं लिहितात. तो फोटो बघितला की मला एवढंच कळतं की फोटो काढणारा फार जवळ होता.

चांगल्या फोटोत पिल्लू काय करत असतं? जांभई देतं. एक पाय आणि एक पंख एकाच बाजूला ताणतं. भावंडाचं डोकं चोचीने विंचरतं. डोळे मिटून पेंगतं. लेन्सकडे बघतही नाही.

आता कधी जायचं नाही ते. अंडी असताना आणि पिल्लं पहिल्या दोन आठवड्यांची होईपर्यंत त्या झाडाकडे फिरकू नका. अंडी घालण्याच्या आणि उबवण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत मादीला पुन्हापुन्हा उठवलं तर ती घरटं कायमचं सोडून जाऊ शकते. नंतर तिचा जीव तिथे गुंतलेला असतो, पण लवेच्या पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही, ती आईकडूनच मिळते. गार रात्री ती अर्धा तास बाहेर अडकली तर तेवढंही पुरतं. उघड्या खोबणीतल्या घरट्यात उलट भीती उन्हाची. पिंगळ्याची अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात, पिल्लं बाहेर पडायलाही जवळपास तेवढेच. गव्हाणी घुबडाची पिल्लं अंड्यातून आल्यावर उडायला पन्नास ते साठ दिवस घेतात. तुमची पिल्लं तोंडाशी येऊन बसताहेत, एक खालीही आलंय, म्हणजे ती सगळ्यात नाजूक दिवस पार करून आलीत. तुमची वेळ योग्य आहे, आणि यापुढचे आठ-दहा दिवस तर सोन्याचे. पिल्लं ढोली सोडून शेजारच्या फांद्यांवर ओळीने बसायला लागली की मोकळी पार्श्वभूमी मिळते, उजेड जास्त वेळ मिळतो. त्या दिवसांतही आईबाप भरवतच असतात. माझे स्वतःचे चांगले म्हणावेत असे सगळे फोटो या फांदीवरच्या दिवसांतले आहेत, ढोलीतला एकही नाही.

एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर हे सगळं उपदेशासारखं वाटेल. सुरुवातीच्या वर्षांत मला एक ढोली सापडली होती, तिच्या तोंडासमोरून दोन पानाळ डहाळ्या आडव्या गेल्या होत्या. ऑटोफोकस सारखा पानांवर जायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी, आईबाप कुठे दिसत नाहीत असं बघून, मी त्या दोन्ही डहाळ्या कात्रीने छाटल्या. दोनच, अंगठ्याएवढ्यासुद्धा जाड नसतील. त्या संध्याकाळी फोटो आरशासारखा स्वच्छ आला. आणखी दोन दिवसांनी गेले तेव्हा ढोलीवर कावळे होते. तीन पिल्लांपैकी एकही परत दिसलं नाही. कावळ्यांनी नेली की आधी आणखी कोणी, हे मी पाहिलं नाही. पण मावळतीचं ऊन थेट ढोलीत शिरत होतं आणि आतलं पांढरं रस्त्यावरून दिसत होतं, हे मी पाहिलं, आणि तो पडदा मीच काढला होता. तो फोटो मी पुढे चारचौघांत दाखवला, कौतुकही झालं. समोर एकही फांदी कशी नाही, हे कोणी विचारलं नाही.

म्हणून घरट्याभोवतीचं एक पानही हलवायचं नाही. दोरीने तात्पुरती फांदी मागे बांधायचीही नाही. पान आड येत असेल तर तुम्ही दोन पावलं बाजूला व्हा. तेही जमत नसेल तर ते पान फोटोत असू द्या. ढोलीच्या पक्ष्याच्या फोटोत झाड दिसलं तर काय बिघडलं? तसंच, रोज एकाच वाटेने झाडाच्या बुंध्यापर्यंत जाऊ नका. तुडवलेली वाट आणि माणसाचा वास यांच्या मागावर मांजर, मुंगूस येतं. बुंध्यापर्यंत जायचं खरं तर काही कारणच नाही.

फ्लॅश नाही. इथे लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतो फ्लॅशने घुबड आंधळं होतं, दुसरा म्हणतो वीज चमकते तेव्हा काय होतं? माझं कारण साधं आहे. घुबडाचा डोळा काळोखासाठी बनलाय, मिळेल तेवढा उजेड गोळा करतो. काळोखाला सरावलेल्या त्या डोळ्यावर समोरून झोत पडला की काही क्षण तरी दिपणारच. आणि तो क्षण कुठला? भक्ष्य घेऊन, फांद्यांमधून वाट काढत, मुठीएवढ्या भोकात शिरण्याचा. तिथे मला जुगार खेळायचा नाही. हॉस्किंगसारख्या जुन्या पिढीने फ्लॅश वापरूनच घुबडं टिपली, कारण त्यांच्या फिल्मला दुसरा इलाजच नव्हता. तुमच्या कॅमेऱ्याला आहे. टॉर्च आणि मोबाइलचा दिवा यांनाही हेच लागू. ऑटोफोकसला मदत करणारा कॅमेऱ्यावरचा छोटा दिवा बऱ्याच जणांच्या लक्षातच राहत नाही, तो मेनूत जाऊन बंद करा. फोकसची पिकपिक बंद. कॅमेऱ्यामागचा स्क्रीन मंद.

आवाजाचं महत्त्व आपल्याला कळत नाही, कारण आपले कान आपलेच असतात. रॉजर पेन यांनी गव्हाणी घुबडांना ठार काळोख्या खोलीत ठेवून प्रयोग केले. पालापाचोळ्यावरून चालणाऱ्या उंदराला ती नुसत्या आवाजावर अचूक पकडत. त्यांच्या कानांची भोकं एक वर, एक खाली असतात, त्यामुळे आवाज किती उंचीवरून येतोय हेही कळतं. अशा प्राण्यासमोर तुमच्या आरशाच्या कॅमेऱ्याची (डीएसएलआरची) सेकंदाला दहा फोटोंची फैर म्हणजे ताशाच. मिररलेस असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर लावा. उडत्या पंखांचे आकार त्यात वाकडे येऊ शकतात, पण बसलेल्या पिल्लाला काही होत नाही. आरशाचाच कॅमेरा असेल तर सायलेंट मोड लावा आणि फैर सोडा, एकेक फोटो घ्या. पहिल्या क्लिकला पिल्लाचं डोकं झटकन वळलं तर अजून मागे सरका.

सेटिंगचं विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण नीट फोटो येत नाही म्हणूनच माणूस पुढे सरकतो. सूर्य मावळल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं तुमची. ट्रायपॉड हवाच. बसलेलं पिल्लू क्षणभर अगदी स्थिर असतं, तेव्हा १/६० सेकंदाचा शटरही चालतो. १/१२५ मिळाला तर उत्तम. लेन्स पूर्ण उघडी, सहाशेला तुमची बहुधा ६.३ असेल. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० वरून ६४०० पर्यंत बिनधास्त न्या. दाणे येतील. हल्ली ते काढणारी सॉफ्टवेअर चांगली झालीत. पण फोटो हलला तर कुठलंच सॉफ्टवेअर मदतीला येत नाही. ढोलीचं तोंड काळं असतं, त्यामुळे कॅमेरा फसतो आणि पिल्लाच्या भुवया, गळ्याखालचं पांढरं जळून जातं. एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप खाली घ्या. उजेड अगदीच गेला की कॅमेरा बाजूला ठेवा आणि नुसतं बघा.

अशाच एका संध्याकाळी माझा कॅमेरा बॅगेत गेला होता आणि दुर्बिणीत ढोलीच्या तोंडाशी थोरलं पिल्लू होतं. नर आला, फांदीवर टेकला, चोचीत पाल. पिल्लाने पाल अर्धी गिळली, शेपूट बाहेर. मागून धाकट्याने ती शेपूट धरली. दोघंही सोडेनात. थोरलं मागे ओढतंय, धाकटं पाय रोवून बसलंय, आणि नर एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे मान फिरवतोय. शेवटी शेपूट तुटली. एकाला पाल, एकाला शेपूट. नर उडाला. उजेड असता तर मी तेव्हा नक्की दोन पावलं पुढे गेले असते, आणि मग हे घडलंच नसतं.

लपणाबद्दल. पिंगळ्यासाठी बहुधा लागणार नाही. गाडी लावता येत असेल तर गाडीसारखं लपण नाही, काच खाली करा, इंजिन बंद, दार उघडायचं नाही. तंबूवजा लपण लावायचंच असेल तर एकाच दिवशी आणून उभं करू नका. आधी लांब ठेवा, दोन दिवसांनी थोडं जवळ, आणि दर वेळी फेऱ्यांचा ठोका बघा. उजेड असताना आत जायचं. बाहेर पडायचं ते पूर्ण अंधारात, एका फेरीनंतर आई किंवा बाप लांब गेल्यावर, झाडाकडे पाठ करून. जाळीदार कपडे घालून माणूस अदृश्य होतो, हा समज मात्र सोडा. घुबड तुम्हाला बघतंच. प्रश्न इतकाच असतो की तुम्ही त्याच्या हिशेबात धोक्यात धरले जाता की दगडात.

एका बैठकीला तासाभरापेक्षा जास्त नाही, दोन बैठकांमध्ये निदान दोन दिवसांची सुट्टी. एका घरट्यावर मी एकूण चार-पाच बैठकांवर जात नाही.

मित्रांना नेऊ नका. वाईट वाटेल, पण नाही म्हणा. तुमचा एक तास, त्या दोघांचा एकेक तास, मग त्यातल्या एकाच्या ओळखीचा कोणी ‘फक्त पाच मिनिटं’, असे सगळे तास शेवटी त्या एकाच ढोलीच्या खात्यात जमा होतात. पिल्लं उडून गेल्यावर त्यांना फोटो दाखवा आणि जागाही दाखवा. तेव्हा ढोली रिकामी असेल.

फोटो टाकण्याचंही तसंच. पिल्लं गेल्यावर टाका, महिनाभराने टाकल्याने फोटो शिळा होत नाही. फाइलमधली जागेची नोंद (जीपीएस) काढा, मोबाइलवरून काढलेल्यात ती बहुतेक वेळा असते. मागे ओळखू येणारी इमारत, पाटी, टाकी असेल तर तेवढा भाग कापा. पिल्लं पकडून विकणारेही हेच फोटो बघतात. ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करत असाल तर इतकं माहीत असावं, की ज्या जातींना तिथे संवेदनशील ठरवलंय त्यांची नेमकी जागा लपवून ४०० चौरस किलोमीटरच्या चौकटीत दाखवतात. पण ती सोय सगळ्या जातींना नाही. पिंगळ्यासारख्या सर्रास दिसणाऱ्या पक्ष्याची नोंद जशीच्या तशी दिसते. घरट्याचा उल्लेख टाळा, किंवा नोंद हंगामानंतर करा.

स्पर्धेचा विचार असेल तर आधी नियम वाचा. अनेक स्पर्धा आणि मासिकं आता घरट्यावरचे फोटो घेतच नाहीत. फांदीवरच्या पिल्लाचा घेतला तरी, भक्ष्य आमिष म्हणून सोडून काढलाय का, असं विचारतात. पांढरा पाळीव उंदीर चोचीत धरलेलं घुबड जाणत्या माणसाच्या एका नजरेत कळतं. रानात तसा उंदीर भेटतो कुठे? घुबडाचा आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणंही तसलंच. पिल्लं असताना आईबापांना वाटतं दुसरी जोडी हद्दीत शिरलीय, आणि ती शिकार सोडून भांडायला येतात. ड्रोनबद्दल तर बोलायलाच नको.

कायदाही बघून घ्या, तो देशोदेशी वेगळा आहे. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने गव्हाणी घुबडाला घरट्यावर जाणूनबुजून त्रास देणं गुन्हा आहे. फोटोसाठी घरट्याजवळ जायचं आणि त्यात त्रास होण्याची शक्यता असेल तर आधी परवाना लागतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना धक्का लावणं बसवलंय. म्हणजे माझ्या त्या दोन डहाळ्या फक्त माझ्या मनालाच लागायच्या नव्हत्या.

ढोलीच्या आतलं बघायची हौस असेल, आणि ती सगळ्यांनाच असते, तर त्याला एक सरळ रस्ता आहे. पुढच्या हंगामाच्या कितीतरी आधी, जोडी जागा शोधायला लागण्यापूर्वी, लाकडी घरटं-पेटी लावा. आत इन्फ्रारेड कॅमेरा बसवा, वायर खाली आणा, आणि मग अंडं पडल्यापासून शेवटचं पिल्लू जाईपर्यंत पेटीला हात लावू नका. कदाचित पहिल्या वर्षी कोणी येणार नाही, दुसऱ्या वर्षी साळुंक्या येतील. घुबडं आली तर मात्र रात्रभर घरात बसून सगळं बघता येतं, धाकट्यासकट. चालू घरट्यात मोबाइल काठीला बांधून आत घालणं मात्र यात धरू नका.

आज संध्याकाळी कॅमेरा घरीच ठेवा. दुर्बीण, वही आणि घड्याळ घेऊन लांब बसा, ते खाली आलेलं पिल्लू कुठल्या फांदीवर पोचलंय ते शोधा, आणि त्याला पहिला घास किती वाजता मिळाला तेवढं लिहून ठेवा.